वॉरंटी संपल्यावर पडद्यावर आलेली हिरवी रेष आणि कंपनीचे दुरुस्तीचे धोरण

वारजेकर (प्रश्न)

नमस्कार. २०२३ च्या दसऱ्याला मी ४२,९९९ रुपयांना एक मोबाइल फोन घेतला. वॉरंटी एक वर्षाची होती आणि ती संपून चौदा महिने झाले आहेत. या अवधीत फोन एकदाही दुरुस्तीला गेला नाही, पाण्यात पडला नाही, पडद्यावर साधा ओरखडाही नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री सॉफ्टवेअरचे अपडेट झाले आणि सकाळी उठून पाहते तो पडद्याच्या उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी बारीक हिरवी रेष. चार दिवसांनी तिच्या शेजारी गुलाबी रंगाची दुसरी रेष आली.

पुण्यातील अधिकृत सेवा केंद्रात गेले तेव्हा माझ्याव्यतिरिक्त आणखी तिघे जण अशाच रेषा घेऊन बसलेले होते, आणि त्यामुळे हा माझ्या एकटीच्या वापराचा प्रश्न नाही एवढे तरी समजले. काउंटरवरील मुलाने फोन उलटसुलट पाहून पुढील एस्टिमेट हातात दिले: डिस्प्ले असेंब्ली १३,२०० रुपये, मजुरी ४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,४५७ रुपये, एकूण १६,१०७ रुपये. दुरुस्ती करून घ्यायची नसेल तर तपासणीचे २९५ रुपये भरून फोन परत न्यावा, असेही सांगितले. बदललेल्या डिस्प्लेवर वॉरंटी किती, असे विचारले तर नव्वद दिवस.

इथपर्यंत मी कदाचित मुकाट्याने ऐकून घेतले असते. पण याच कंपनीने, माझ्याच मॉडेलसह काही मॉडेलांवर अशी रेष आल्यास वॉरंटी संपली असली तरी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत एकदा डिस्प्ले विनामूल्य बदलून देऊ, असे जाहीर केलेले आहे. ते दाखवल्यावर त्या मुलाने फोन पुन्हा हातात घेतला, भिंग लावून खालच्या कोपऱ्यातील फ्रेमवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण शोधून काढली, तिचे चार फोटो घेतले आणि जॉबशीटवर, म्हणजे केंद्राच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, 'फिजिकल डॅमेज' असे लिहिले. योजना फक्त कोणतीही बाह्य इजा नसलेल्या फोनांसाठी असल्याने माझा फोन अपात्र ठरला. पर्याय म्हणून, जुना फोन दिल्यास कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवा घेताना ९,००० रुपयांची सूट मिळेल, असे कळवण्यात आले. दोन वर्षे वापरलेल्या फोनच्या फ्रेमवर एकही खूण नाही असा ग्राहक मला तरी अजून भेटलेला नाही.

माझ्या पुढे रांगेत असलेले एक आजोबा म्हणाले, "डोळ्यांत मोतीबिंदू आहेच, त्यात ही एक रेष." सगळे हसले, पण त्यांनी कार्ड काढून पूर्ण पैसे भरले. मी भरले नाहीत. २९५ रुपये देऊन फोन रेषांसकट घरी आणला.

वॉरंटी संपल्यावर कंपनीने जे दिले ते उपकार समजून घ्यायचे, की फ्रेमवरच्या खुणेचा आणि आतल्या रेषेचा संबंध काय, हे विचारण्याचा ग्राहकाला काही अधिकार आहे? आणि दरम्यान हा फोन बाहेरच्या दुकानात दाखवावा का?

सोल्डरवाला

मी साडेचार वर्षे एका कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात काम केले आणि गेली सहा वर्षे छत्रपती संभाजीनगरात माझे स्वतःचे दुकान आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहितो.

आधी रेषेविषयी. अ‍ॅमोलेड पडद्यात, म्हणजे ज्यातला प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो अशा पडद्यात, प्रत्येक उभ्या ओळीला संकेत देणारी चिप पडद्याच्या खालच्या कडेला, मागे दुमडलेल्या लवचिक पट्टीवर असते. तिथले जोड सोल्डरचे नसतात. वाहक कण मिसळलेली एक चिकट फिल्म मध्ये ठेवून, उष्णता आणि दाब देऊन ते चिकटवलेले असतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा शेकडो जोडांपैकी एखादा सुटला की त्या ओळीला मिळणारा संकेत तुटतो आणि ती ओळ पूर्ण तेजाने पेटून राहते. आपली पहिली रेष हिरवी आणि दुसरी गुलाबी का, याचेही उत्तर पडद्याच्या रचनेतच आहे. बहुतेक अ‍ॅमोलेड पडद्यांत हिरव्या बिंदूंच्या स्वतंत्र ओळी असतात, तर तांबडे आणि निळे बिंदू एकाच ओळीत आलटून पालटून बसवलेले असतात. ती मिश्र ओळ पेटली की डोळ्यांना गुलाबी दिसते.

अपडेट ही शेवटी सॉफ्टवेअरची गोष्ट आहे, तिने जोड उचकटत नाही. परंतु मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत बराच वेळ काम करत राहतो आणि तापतो. आधीच कच्चा झालेला जोड त्या तापण्यात सुटतो, असे माझ्या टेबलावर आलेल्या फोनांवरून माझे मत झाले आहे. म्हणजे अपडेटने फोन बिघडवला हे म्हणणे जसे पूर्ण खरे नाही, तसा ग्राहकाने बिघडवला हे म्हणणेही खरे नाही.

आता खुणेविषयी. फोन पडून रेष येऊ शकते, हे मान्य करायला हवे. कोपऱ्यावर जोराचा मार बसला तर तीच लवचिक पट्टी ताणली जाते. पण तसा मार बसल्यावर काच सहसा तडकते, फ्रेम दबते, कडेला पडदा किंचित उचललेला दिसतो किंवा कोपऱ्यातून शाईसारखा काळा डाग पसरतो. तांदळाएवढी खूण, काच शाबूत, डाग नाही आणि रेष मात्र खुणेपासून दूर, अशा फोनमध्ये मारामुळे रेष आली असे म्हणायला निदान आतून उघडून पाहायला हवे. तुमचा फोन उघडलाच नाही, असे दिसते.

तो मुलगा असे का वागला हे सांगतो, म्हणजे राग योग्य ठिकाणी जाईल. सेवा केंद्र बहुधा कंपनीचे नसते. एखाद्या स्थानिक व्यापाऱ्याने ते चालवायला घेतलेले असते आणि प्रत्येक विनामूल्य दुरुस्तीचे पैसे त्याला कंपनीकडून मागून घ्यावे लागतात. आमच्याकडे दर महिन्याला फोटोंची तपासणी व्हायची, आणि ज्या फोनवर खूण दिसली त्याचा विनामूल्य डिस्प्ले आमच्याच बिलातून वजा व्हायचा. दोन वेळा माझ्या पगारावर बोलणी आली, त्यानंतर मीही भिंग वापरायला लागलो. नियम वर लिहिला जातो आणि संशयाचा भार काउंटरवर बसलेल्या अठरा हजार पगाराच्या पोरावर पडतो.

बाहेरच्या दुकानाविषयी सावधपणे सांगतो. आमच्या बाजारात ज्याला 'कॉम्बो' किंवा 'फोल्डर' म्हणतात तो काच, टच आणि पडदा यांचा एकत्रित भाग तुम्हाला निम्म्या किमतीत मिळेल, पण तो पुष्कळदा अ‍ॅमोलेड नसतो; साधा एलसीडी असतो. तो जाड असतो, काळा रंग राखाडी दिसतो आणि पडद्याखालील बोटाच्या ठशाची सोय बंद पडते. बाँडिंग यंत्रावर जुनाच जोड पुन्हा बसवून देणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत, मीही ते करतो, परंतु त्यात पडदा कायमचा जाण्याचा धोका असतो आणि आमच्यापैकी जो प्रामाणिक असेल तो आधीच तसे लिहून घेतो. शिवाय फोन बाहेर एकदा उघडला की कंपनीच्या योजनेतून तो कायमचा बाद होतो. म्हणून कंपनीशी बोलणी पूर्ण होईपर्यंत उघडू नका. डेटा मात्र आजच काढून ठेवा, कारण दोन रेषांच्या चार झाल्या आणि पडदा काळा झाला तर पासवर्ड टाकायलाही जागा उरणार नाही.

हिशेबी माणूस

मला येथे थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते कंपनीचे वकीलपत्र समजू नये, ही विनंती.

४२,९९९ रुपयांचा फोन २६ महिने चालला म्हणजे महिन्याला सुमारे १,६५० रुपये पडले. वॉरंटी एक वर्षाची आहे, हे खोक्यावर लिहिलेले होते, वाढीव वॉरंटी घेण्याचा पर्याय खरेदीच्या वेळी उपलब्ध असतो आणि आपण बहुतेक जण तो दुकानदाराचा नफेखोरपणा म्हणून नाकारतो. वर्षानंतरची जोखीम आपण तेव्हा पैसे वाचवून स्वतःकडे घेतली, हे विसरता कामा नये. कंपनीने उद्या तीन वर्षांची सरसकट वॉरंटी दिली तर तिचा खर्च विक्रीच्या किमतीत मिसळला जाईल, आणि जो दर दिवाळीला फोन बदलतो तोही तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे भरील.

पडदा १३,२०० रुपयांना का, याचेही कारण आहे. काच, टच, अ‍ॅमोलेडचा थर आणि पुष्कळदा फ्रेमसुद्धा एकत्र चिकटवून येते. एक जोड सुटला तरी कंपनीच्या पद्धतीत अख्खा संच बदलावा लागतो, आणि तो ठेवायला गोदाम लागते, मॉडेल बंद झाल्यावर उरलेला साठा भंगारात जातो. ग्राहकाला हे दिसत नाही.

मात्र एका मुद्द्यावर मी वारजेकर यांच्या बाजूने आहे. एकदा योजना जाहीर केली की तिच्यातील अट बिघाडाच्या कारणाशी निगडित असली पाहिजे. खूण आहे म्हणून नकार देणे आणि खुणेमुळे बिघाड झाला म्हणून नकार देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विमा कंपन्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा फरक चांगलाच ठाऊक असेल.

वारजेकर

सोल्डरवाला, डेटा काढून ठेवला. गुलाबी रेषेचे कारण वाचून, राग असूनही, बरे वाटले.

हिशेबी माणूस, महिन्याला १,६५० हा हिशेब मला पटत नाही. बॅटरी दोन वर्षांत उतरली असती तर मी एक शब्द बोलले नसते, कारण ती वापराने झिजते, हे मला माहीत आहे आणि तिचे पैसे मी खुशीने भरते. पडद्यातील जोड मी कुठे वापरून झिजवला? आणि रांगेत चौघांच्या हातात तोच बिघाड असेल तर ती 'ग्राहकाने घेतलेली जोखीम' कशी? वाढीव वॉरंटीविषयी म्हणाल तर मी ती घेतली नाही, हे खरे आहे. दुकानात जी दाखवली ती एका तिसऱ्याच कंपनीची होती आणि तिच्या अटींचा कागद पैसे भरल्यावर मिळणार होता.

वकील, नाशिक

मी जिल्हा ग्राहक आयोगासमोर काम करतो. येथे सर्वसाधारण माहिती देतो. कागदपत्रे पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला सल्ला नसतो.

वॉरंटी संपली म्हणजे जबाबदारी संपली, हा समज कंपन्यांनी इतका पसरवला आहे की ग्राहकही तोच बोलू लागले आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत मालाच्या गुणवत्तेतील किंवा दर्जातील असा कोणताही उणेपणा येतो, जो दर्जा कायद्याने अथवा स्पष्ट किंवा गर्भित (न लिहिताही गृहीत धरलेल्या) कराराने राखणे आवश्यक आहे. तेथे वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेख नाही. म्हणून उत्पादनातच असलेला दोष वॉरंटीनंतर उघड झाला, असे म्हणून तक्रार करता येते. दुसरी बाजूही सांगतो. दोष उत्पादनातच होता, हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, तो तज्ज्ञाच्या पुराव्याने पेलावा लागतो, आणि आयोगाने माल प्रयोगशाळेकडे पाठवायचे ठरवल्यास त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते. सोळा हजारांच्या वादात पुष्कळ तक्रारी इथेच थांबतात.

तुमची बाजू माझ्या मते याहून सोप्या आणि बळकट जागी उभी आहे. कंपनीने योजना जाहीर केली, त्या योजनेत तुमचे मॉडेल आहे, तीन वर्षांची मुदत २०२६ च्या दसऱ्यापर्यंत आहे आणि नकाराचे कारण म्हणून जी खूण दाखवली तिचा बिघाडाशी संबंध आहे का, याची तपासणीच झाली नाही. हा वाद मालातील दोषापेक्षा सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांचा होतो, आणि त्यासाठी अ‍ॅमोलेडचा जोड कसा सुटतो हे आयोगाला शिकवत बसावे लागत नाही. योजनेच्या पानाची तारखेसह छापील प्रत मात्र आजच काढून ठेवा. अशी पाने बदलतात.

मुदतीबाबत गाफील राहू नका. कलम ६९ प्रमाणे वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. तुम्ही म्हणाल, कारण डिसेंबरमध्ये नकार मिळाला तेव्हा घडले. कंपनीचा वकील म्हणेल, खरेदी २०२३ च्या ऑक्टोबरमधील, म्हणजे दोन वर्षे कधीच उलटली. योजनेवर आधारलेल्या तक्रारीत तुमचे म्हणणे अधिक टिकेल, असे मला वाटते, तरी हा मुद्दा निघणार, हे धरूनच लिहा.

व्यवहारातील बाबी थोडक्यात. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो वा बंगळूरला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पुणे. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. कायद्याप्रमाणे प्रयोगशाळेची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत निकाली निघायला हवी. प्रत्यक्षात किती लागतात, हे आयोगाच्या फलकावरील तारखा पाहून कळते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ती न्यायालय नाही, तिला आदेश देता येत नाही, पण तक्रार कंपनीच्या मुख्य कार्यालयातील माणसाच्या टेबलावर जाते, आणि काउंटरवरचा माणूस जो निर्णय घेऊ शकत नाही तो तिथे घेतला जाऊ शकतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडेही मार्गदर्शन मिळते.

हिशेबी माणूस यांनी कराराचा मुद्दा काढला म्हणून एक जुने उदाहरण. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्रावर तीन लाल दिवे लुकलुकायचे आणि यंत्र बंद पडायचे. ग्राहकांचा ओरडा इतका वाढला की जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या एका बिघाडापुरती वॉरंटी खरेदीपासून तीन वर्षांची केली, त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली आणि ज्यांनी आधी स्वतःचे पैसे भरून तीच दुरुस्ती करून घेतली होती त्यांचे पैसे परत केले. आपल्याकडेही वनप्लसने २०२३ मध्ये हिरव्या रेषेच्या तक्रारींनंतर काही जुन्या मॉडेलांच्या पडद्यांवर आजीवन वॉरंटी जाहीर केली होती. करारात एक वर्षच लिहिलेले होते, तरीही.

मेघना, श्टुटगार्ट

मी इथे आठ वर्षे आहे, म्हणून युरोपातील स्थिती सांगते. तुलना करून हळहळण्यासाठी नव्हे, तर काय मागता येते हे कळावे म्हणून.

इथे मालाची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षे असते, आणि ती उत्पादकावर नसून विक्रेत्यावर असते. पहिल्या वर्षात बिघाड झाला तर तो मुळातच होता असे धरले जाते, उलट सिद्ध करायचे काम विक्रेत्याचे. तुमच्या फोनला २६ महिने झाले म्हणजे इथेही तुम्ही त्या कक्षेबाहेर असता, हे लक्षात घ्या. फरक पुढच्या काळाचा आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी, मॉडेलची विक्री बंद झाल्यावर सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे, आणि दुरुस्तीला फोन किती सोपा आहे याची श्रेणी खोक्यावरील पट्टीवर छापावी लागते. शिवाय २०२४ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीविषयक निर्देशाप्रमाणे, ठरावीक वस्तूंची दुरुस्ती मुदतीनंतरही उत्पादकाने वाजवी दरात करून द्यायची आहे. तो सदस्य देशांनी लागू करायची तारीख ३१ जुलै २०२६ आहे. 'वाजवी' म्हणजे किती, यावर इथल्या ग्राहक संघटनांचे आताच वाद सुरू आहेत.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाविषयीचा समितीचा अहवालही सरकारला मिळाला. त्या संकेतस्थळावर तुमच्या कंपनीचे पान असेल तर तिथे सुट्या भागाची किंमत पाहा आणि एस्टिमेटशी ताडून बघा.

सोल्डरवाला

मेघनाताईंनी सुट्या भागांचा विषय काढला म्हणून एवढेच जोडतो की, आमच्यासारख्या बाहेरच्या दुकानदाराला बहुतेक कंपन्या अस्सल भाग विकतच नाहीत. मोटारींच्या बाबतीत हाच प्रकार होता, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना त्यासाठी अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला; प्रकरण पुढे अपिलात गेले. मला अस्सल कॉम्बो रास्त घाऊक दरात मिळाला तर वारजेकरताईंचा फोन मी त्या एस्टिमेटपेक्षा पुष्कळ कमी पैशांत दुरुस्त करून दिला असता आणि नव्वद दिवसांऐवजी सहा महिने जबाबदारी घेतली असती. ग्राहक आम्हांला 'डुप्लिकेट माल लावणारे' म्हणतात. अस्सल माल आमच्यापर्यंत येऊ कोण देत नाही, हे विचारत नाहीत.

वारजेकरताई, जमल्यास पुन्हा केंद्रात जा आणि जॉबशीट दुरुस्त करून मागा. 'फिजिकल डॅमेज' हे दोन शब्द फार मोठे आहेत. 'फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यावर बारीक खूण, काचेला तडा नाही, पडद्यावर दोन उभ्या रेषा, फोन उघडून तपासलेला नाही' असे लिहून द्यायला सांगा. वस्तुस्थिती लिहायला कोणी सहसा नकार देत नाही. निष्कर्ष बदलायला मात्र नकार देतात.

वारजेकर

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

जॉबशीट दुरुस्त करून मिळाले, तेही दुसऱ्या फेरीत, व्यवस्थापकांशी अर्धा तास बोलल्यावर. 'फोन उघडून तपासलेला नाही' हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते, म्हणून त्यांनी फोन माझ्यासमोर उघडला. आत पट्टीवर दाब किंवा सुरकुती दिसली नाही आणि तसे त्यांनी लिहिले. १९१५ वर नोंद केली. नवव्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला, पुन्हा तेच फोटो मागितले गेले, आणि मग ईमेल आली: विशेष बाब म्हणून सुट्या भागावर ५० टक्के सवलत, मजुरी आणि कर ग्राहकाने द्यावेत. भाग ६,६०० रुपये, मजुरी ४५०, जीएसटी १,२६९, एकूण ८,३१९ रुपये. हे सात दिवसांत मान्य करावे आणि मान्य केल्यास या विषयावर पुढे कोणतीही तक्रार करणार नाही, असे उत्तरात लिहावे.

मी उत्तरात कंपनीच्याच योजनेचा मजकूर, दुरुस्त केलेले जॉबशीट आणि 'योजनेत सवलत नव्हे, विनामूल्य असा शब्द आहे' एवढे एक वाक्य पाठवले. वकीलसाहेबांनी सांगितलेली कलमे घातली नाहीत; ती पुढच्या पत्रासाठी राखून ठेवली होती. पाच दिवस शांतता. सहाव्या दिवशी दुसरी ईमेल आली. भाग विनामूल्य, मजुरी आणि तिच्यावरील कर मिळून ५३१ रुपये भरावेत. पुढे तक्रार न करण्याचे वाक्य यात नव्हते. मी ५३१ रुपये भरले. त्या पैशांसाठीही भांडायला हवे होते असे कोणाला वाटत असेल तर ते बरोबरच आहे, पण रजेचा अर्धा दिवस मला त्याहून महाग पडतो.

नवा पडदा व्यवस्थित आहे. जुना परत मागितला तर तो कंपनीकडे जमा करावा लागतो, असे उत्तर मिळाले.

वकील, नाशिक

पावतीवर काय लिहिले आहे, ते जरूर पाहा.

वारजेकर

पाहिले. 'गुडविल रिप्लेसमेंट', म्हणजे सद्भावना म्हणून बदलून दिले, असे लिहिले आहे. 'दोष' हा शब्द कुठेही नाही, आणि जाहीर केलेल्या योजनेचा उल्लेखही नाही. नव्वद दिवसांची वॉरंटी मात्र आहे.

केंद्रातून निघताना त्या आजोबांची आठवण झाली. त्यांनी त्याच बिघाडासाठी त्याच दिवशी १६,००० रुपयांच्या आसपास भरले होते. त्यांच्या फोनच्या कडेला खूण होती की नाही, आणि त्यांना ती योजना कोणी सांगितली होती की नाही, हे मी त्या दिवशी विचारले नाही. काउंटरवरच्या मुलाला आता विचारले, तर तो म्हणाला की अशी माहिती दुसऱ्या ग्राहकाला देता येत नाही.